तीन बोटं

आमच्या भागात माणसाचा बराचसा हिशेब तोंडाशी येऊन मिळतो. कोणी गप्प बसलं तर ‘दातखीळ बसली काय याची?’, जास्त बोललं तर ‘तोंडाले कुलूप लाव’, कोणाच्या लग्नाला जायचं राहून गेलं तर ‘आता कोणत्या तोंडानं भेटू?’ माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत यातलं पहिलं बोलणं अकरा वर्षं शब्दशः खरं होतं. पाचव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत तिच्या वरच्या आणि खालच्या दातांमधून चमच्याचं टोकही नीट जात नव्हतं. आणि त्या आखडलेल्या जबड्यानं, ती वाढत गेली तसा, तिचा सगळा चेहराच डावीकडं ओढून नेला.

आमचं गाव जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. नुसतं जळगाव म्हटलं की लोकांना खानदेशातलं केळीचं जळगाव आठवतं, म्हणून आमच्या जळगावाला शेजारच्या जामोदचं नाव जोडून सांगावं लागतं. जिल्हा बुलडाणा, बोली वऱ्हाडी. पण खानदेश हाकेच्या अंतरावर, त्यामुळं आखाजीला झाडाला झोके बांधायची रीत आमच्याकडंही. याच तालुक्यात भेंडवळ आहे. आखाजीच्या संध्याकाळी तिथं शेतात घट मांडतात. मधोमध मातीची ढेकळं, त्यावर पाण्यानं भरलेला करवा, पापड, कुरडई, विडा-सुपारी, आणि भोवती अठरा धान्यांची रिंगण. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे वाघ घराण्यातली माणसं त्यात रात्रीतून काय हललं ते पाहतात आणि पाऊसपाण्याची, पिकांची भाकणूक सांगतात. लांबलांबचे शेतकरी ती ऐकायला येतात. १९८९ च्या आखाजीला बाबा मला घेऊन भेंडवळला मुक्कामी गेले होते. साऱ्या मुलखाचं पाऊसपाणी ऐकून आम्ही घरी आलो, तर धाकटीच्या हनुवटीला पट्टी.

ती झोक्यावरून निसटली होती आणि ओट्याच्या दगडावर हनुवटीवर पडली होती. शेजाऱ्यांनी सायकलवर बसवून तालुक्याला नेलं, तीन टाके पडले. आठ दिवसांनी टाके निघाले. पावसाळा लागेपर्यंत हनुवटीखाली एक पांढुरकी रेघ तेवढी राहिली. सगळ्यांनी जखम पाहिली आणि जखम बरी झाली.

बिघाड झाला होता तो दुसरीकडंच. तुम्ही कानाच्या अगदी पुढं बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली एक गाठ पुढं-मागं सरकताना लागते. तो जबड्याचा सांधा. खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालेसारखं एकच हाड. त्याची दोन टोकं दोन कानांपाशी कवटीत अडकवलेली. हनुवटीवर जोरात मार बसला की तो हाडातून वर सरकतो आणि नाजूक असलेलं हे टोक मोडतं. मार हनुवटीला, मोड कानापाशी. वरून सूजही फारशी दिसत नाही. लहान मूल दुखतं म्हणून तोंड हलवत नाही, सांध्यात साकळलेलं रक्त तसंच राहतं आणि हळूहळू त्याचंच हाड होतं. जिथं बिजागरी हवी तिथं भिंत उभी राहते. हे सगळं आम्हांला कळायला अकरा वर्षं लागली.

मायच्या लक्षात पहिल्यांदा आलं ते जांभईवरून. दिवेलागणीला धाकटी जांभई द्यायची तेव्हा तिचं तोंड पूर्वीसारखं उघडत नव्हतं. नुसती नाकपुडी फुगायची. मग भाकरीचा तुकडा बारीक करावा लागला, मग कुस्करावा लागला, आणि दुसऱ्या वर्षी तोही जाईना. दुधाचे दात पडण्याच्या वयात पुढचे दोन दात पडले, त्या फटीतून तिला महिनाभर जरा पोटभर जेवता आलं. नवे दात उगवले तेव्हा घरात सगळे हरखतात; आमच्या घरी माय रडली होती.

धाकटीचं जेवण म्हणजे ताकातल्या कण्या, पातळ वरणात विरघळवलेली भाकर, आंबील. ती बोटानं घास गालात सरकवायची आणि दाढेमागं एक फट होती तिथून जिभेनं ओढून घ्यायची. एका जेवणाला तास लागायचा. पंगतीत ती कधी बसली नाही. हुरड्याच्या दिवसांत आम्ही आगटीभोवती बसून कोवळे दाणे चावायचो, ती मुठीत दाणे घेऊन त्यांचा वास घ्यायची आणि मला द्यायची. दात घासता येत नसल्यानं आतले दात किडत गेले. ते कोणाला दिसतही नव्हते.

चेहरा वाकडा होतोय हे मात्र साऱ्या गावाला दिसत होतं. जबड्याची वाढ बरीचशी त्या कानाजवळच्या टोकाशी होते. तिचं डावीकडचं टोक मोडलं, तिथली वाढ थांबली. उजवी बाजू आपली वाढत राहिली. साहजिकच हनुवटी डावीकडं सरकत गेली आणि मागंही दबली. यातली गंमत अशी की डावा गाल, म्हणजे आजारी बाजू, भरलेला आणि गोल दिसायचा. उजवा, म्हणजे धडधाकट गाल, ताणून ताणून चपटा झालेला. त्यामुळं जो येई तो उजव्या गालाकडं बोट दाखवी.

“इकडून वारं गेलं पोरीवरून. शेका.”

मग उजवा गाल शेकायचा. निरगुडीचा पाला, गरम मीठ, एरंडाचं पान. एका म्हातारीनं बिब्बा घातला त्याचा डाग अजून उजव्या गालावर आहे. दोन-तीन दवाखानेही झाले. कोणी ताकदीचं औषध दिलं, कोणी ‘वयात आली की सुधरेल’ म्हणून सांगितलं. धाकटी एकदा मला म्हणाली होती, “दादा, दुखते इकडं आन् शेकतात तिकडं.” ती दातांआडून बोलायची. घरच्यांना सवय होती, बाहेरच्यांना तिचं निम्मं बोलणं कळायचं नाही. दाबल्या आवाजात का होईना, ती तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायची. पोरं तिला जे नाव ठेवायची ते इथं लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट होती, तिचं गांभीर्य बाकी कोणाला वाटत नव्हतं. ती घोरायची. आठ-दहा वर्षांची पोर एखाद्या थकल्या गड्यासारखी घोरायची, आणि मधेच घोरणं थांबायचं. एक, दोन, तीन असे आकडे मनातल्या मनात मोजत माय अंधारात उठून बसायची. मग एकदम गुदमरल्यासारखा आवाज व्हायचा आणि श्वास पुन्हा चालू. हनुवटी मागं गेली की जीभही मागं पडते आणि श्वासाची वाट अरुंद होते, हे आम्हांला कुठं ठाऊक? पुढं पुढं ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची.

२००० साली तिची दाढ ठणकली म्हणून मी तिला अकोल्याला एका दंतवैद्याकडं नेलं. त्यांनी आरसा तोंडात घालायचा प्रयत्न केला, मग हात आवरता घेतला. तिच्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवून म्हणाले, “बेटा, जबडा हलवून बघ.” उजवीकडं थोडं हललं, डावीकडं काहीच नाही. मग हनुवटीखालच्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “लहानपणी पडली होतीस का?” अकरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. फी न घेता त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: नागपूर, शासकीय दंत महाविद्यालय.

दातांच्या दवाखान्यात हाडाचं ऑपरेशन होतं हेच आम्हांला नवीन. कापसाचा चुकारा हाती आला तसे आम्ही निघालो. एस.टी.नं पूर्णा ओलांडून नांदुरा, तिथून रेल्वे. शेगाव, अकोला, बडनेरा, वर्धा. धाकटी सगळा रस्ताभर खिडकीकडं डावा गाल करून बसली होती.

नागपूरचं हे कॉलेज १९६८ सालचं, मेडिकलच्या आवारात. बाहेरच्या बाकांवर तोंड न उघडणारी कितीतरी माणसं बसलेली, पण ती सुपारी-खर्ऱ्यानं गालाची कातडी आखडलेली. एका काकांनी धाकटीकडं पाहून कळवळून विचारलं, “एवढ्या लहानपणी खर्रा लागला काय वं पोरी?” ती हसली. म्हणजे नाकानं हसली. तिचं हसणं तसंच असायचं.

एक्स-रे आणि सी.टी. स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. उजवीकडं सांध्याची बारीक काळी फट दिसत होती. डावीकडं फट नव्हतीच. पांढऱ्या हाडाचा एक गड्डा कवटीपर्यंत सलग. बाबा बराच वेळ बघत राहिले. शेतकरी माणूस, त्यांना एकच उपमा सुचली. “म्हंजे चौकटीतच दार लिंपून टाकल्यावानी झालं.” डॉक्टर म्हणाले, “अगदी तसंच. आता दार मोकळं करायचं.”

त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या आणि त्या मला आजवर उपयोगी पडल्या. पहिलं ऑपरेशन तोंड उघडण्यासाठी. चेहरा सरळ करणं हे दुसरं काम, ते नंतर. आधी सांधा, मग रूप. सांधा न सोडवता चेहऱ्याच्या मागं लागलं तर दोन्ही जातं.

मग धोक्याचं बोलणं झालं. कानाखालून एक नस निघते आणि पंजाच्या बोटांसारखी गालभर पसरते. डोळा मिटणं, कपाळाला आठ्या पडणं, ओठ हलणं सगळं तिच्यावर. ऑपरेशनच्या वाटेतच ती येते. तिला धक्का लागला तर डोळा मिटणार नाही, ओठ लोंबेल. शिवाय तोंड उघडत नसल्यानं भूल देणं अवघड. श्वासाची नळी पोर जागी असतानाच नाकातून घालावी लागेल.

बाबा गडबडले. म्हणाले, “साहेब, वाकडं हाय ते अजून वाकडं झालं तं?” सहीचा कागद तसाच राहिला. त्या रात्री वऱ्हांड्यात माय म्हणाली, “तुमी तोंडाचं पाहून राह्यले. म्या अकरा वर्षं तिचा श्वास मोजला. तोंड वाकडं घेऊनही पोर जगते. श्वास गेल्यावर कशी जगन?” सकाळी बाबांनी सही केली. मायनं शेजारी अंगठा उठवला. तो कोणी मागितला नव्हता.

नळीची गोष्ट धाकटीनं मला नंतर सांगितली. भूलतज्ज्ञ बाई तिच्या नाकाशी कान नेऊन तिच्या श्वासाचा आवाज ऐकत होत्या आणि त्या आवाजाच्या मागं मागं नळी आत सरकवत होत्या. “घाबरू नको, तुझा श्वासच मला वाट दाखवतोय,” असं त्या म्हणत होत्या. मग कानापुढं चीर देऊन, नस बाजूला सांभाळून, तो हाडाचा गड्डा कापून काढला. दीडेक सेंटिमीटरची मोकळी जागा केली. ती पुन्हा हाडानं भरू नये म्हणून कानशिलावरच्या स्नायूची एक पट्टी खाली वळवून त्या जागेत बसवली. टेबलावरच तोंड पस्तीस मिलिमीटर उघडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी धाकटीला दोन्ही डोळे घट्ट मिटायला सांगितले. दोन्ही मिटले. माय भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

पण डॉक्टर आम्हांला आनंद करू देईनात. म्हणाले, “मी दार उघडलं. ते उघडं ठेवणं तुमच्या हातात आहे. व्यायाम सोडला तर वर्षभरात पुन्हा हाड भरेल.” आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या, रोज एक-एक वाढवत. दिवसातून पाच-सहा वेळा, निदान वर्षभर.

गावी काड्या पुरेनात, मोडायच्या. बाबांनी गावच्या सुताराकडून सागाची पाचर करून घेतली. एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला तीन बोटं जाड, कडा घासून गुळगुळीत. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी ती हातात घेऊन निरखली आणि म्हणाले, “उकळून घेत जा. बाकी उत्तम.” ती पाचर लाकूड फोडायची असते तशीच चालायची, फक्त हळू. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. सुरुवातीला बाबा उठून गोठ्यात जात. माय मात्र समोर बसून राही. “आजून एक गहूभर. आजून एक गहूभर, मायबाई.” मोजायचं माप गहू. काल पाचरीवर कोळशानं केलेली खूण आज गव्हाएवढी पुढं सरकली पाहिजे. पिकाच्या दिवसांत, निंदणाच्या दिवसांत, लग्नकार्यात, पाचर मायच्या पिशवीत असायचीच.

त्या हिवाळ्यात आगटीपाशी धाकटीनं हुरड्याचा पहिला घास चावला. आम्ही सगळे तिच्याकडं बघतोय म्हटल्यावर ती रागावली. “मले कायले पाहता? खा ना आपापला.” शब्द सुटे सुटे, स्वच्छ ऐकू आले.

गावाला वाटलं होतं, नागपूरहून पोरगी सरळ चेहऱ्यानं येईल. ती तशीच आली, हनुवटी डावीकडंच. “पैसे बुडाले,” असं लोक म्हणाले. अकरा वर्षांत आखूड राहिलेलं हाड सांधा मोकळा केल्यानं लांब होत नाही, हे कोणाकोणाला सांगणार? घोरणंही तसंच होतं. बारावीनंतर एक स्थळ आलं. मुलाच्या चुलत्यानं चहा पिता पिता विचारलं, “डॉक्टरकडून थोडं आजून सरळ करून घेता येते काय? मंग पाहू.” धाकटी आतून सगळं ऐकत होती. रात्री मला म्हणाली, “दादा, नागपूरले चाल. दुसरं ऑपरेशन करू. त्यायच्यासाठी नाई. मले झोपीत मरायचं नाई.”

२००३ साली आम्ही पुन्हा गेलो. या वेळची पद्धत ऐकून मला खरं वाटेना. डावीकडचं आखूड हाड कापायचं, दोन्ही तुकड्यांना मिळून एक स्क्रूचं यंत्र बसवायचं आणि रोज एक मिलिमीटर या वेगानं ते तुकडे एकमेकांपासून दूर न्यायचे. मधल्या फटीत शरीर स्वतःच नवं हाड भरत जातं. घाई केली तर फट भरत नाही, रेंगाळलं तर आधीच सांधून जातं. ही युक्ती मूळ पायांच्या हाडांची. सोव्हिएत रशियात, सायबेरियातल्या कुर्गान गावी, इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरांनी ती बसवली. माणसाच्या जबड्यासाठी ती वापरल्याचा न्यूयॉर्कच्या डॉ. मॅकार्थींचा लेख १९९२ सालचा. म्हणजे आमच्यापर्यंत ती अकरा वर्षांत पोचली होती. धाकटीच्या वाकडेपणालाही अकराच वर्षं लागली होती.

ऑपरेशननंतर पाच दिवस काही करायचं नव्हतं. सहाव्या दिवसापासून किल्ली माझ्या हाती आली. सकाळी अर्धा मिलिमीटर, संध्याकाळी अर्धा. गालाखालून बाहेर आलेल्या दांडीला किल्ली लावून ठरलेले आटे फिरवायचे आणि वहीत खूण करायची. आम्ही मेडिकलजवळच एक खोली भाड्यानं घेतली होती. तिला ताण जाणवायचा, दातांत कळ यायची. दहाव्या-बाराव्या दिवशी मी तिला आरशापुढं उभं केलं. हनुवटी मध्याकडं निघाली होती. ती म्हणाली, “हे मी हाय काय?” त्यात आनंदापेक्षा बिचकणंच जास्त होतं.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर यवतमाळकडचे एक तरुण मास्तर होते. त्यांची गोष्ट उलटी. त्यांच्या उजव्या सांध्याचं टोक वाढायचं थांबतच नव्हतं. विशी उलटल्यावरही एक बाजू लांब होत गेली, हनुवटी दुसरीकडं ढकलली गेली, दातावर दात बसेना. हाडाचा खास स्कॅन करून वाढ चालू आहे का थांबली हे बघायचं, आणि मगच वरचा-खालचा जबडा कापून जागेवर बसवायचा, असा त्यांचा बेत चालला होता. आधी वर्षभर दातांना तारा, मग ऑपरेशन, पट्ट्या-स्क्रू, कित्येक आठवडे पातळ जेवण. सगळी कापाकापी तोंडाच्या आतून, बाहेर वण नाही. ती वाट १९५० च्या दशकात ओब्वेगेसर नावाच्या डॉक्टरांनी रुळवली. मास्तर हसून म्हणाले होते, “एकीचं वाढत नव्हतं, एकाचं थांबत नाही. देवानं हिशेब आपल्या दोघांत मिळवला.”

यंत्र तसंच ठेवून आम्ही गावी परतलो; नवं हाड पक्कं व्हायला अडीच-तीन महिने लागणार होते. पहिल्याच रात्री माय दचकून उठली. घरात आवाज नव्हता. तिनं चिमणी लावली, धाकटीच्या नाकाखाली हात धरला. श्वास चालू होता, मंद, सारखा. पोर आडवी, पाठीवर निजलेली. माय तशीच उजेडापर्यंत बसून राहिली. चौदा वर्षांची सवय. शांततेत तिला झोपच येईना.

पुढं यंत्र निघालं, दातांना तारा लागल्या, हनुवटीचं हाड थोडं सरकवून नीट बसवलं. आज तिचा चेहरा अगदी दोरीत आहे असं नाही. निरखून पाहणाऱ्याला हनुवटी किंचित डावीकडं कळते. खालच्या ओठाचा डावा भाग बधिर आहे, तिथं चहाचा थेंब राहिला तर तिला कळत नाही. ती पदरानं सवयीनं टिपते. जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या नसेची ती किंमत, आणि ती आम्हांला आधी सांगितलेली होती. संग्रामपूर तालुक्यातून तिला पाहायला मुलगा आला तेव्हा तिनं स्वतः सगळे एक्स-रे आणून दाराच्या उजेडात एकेक करून दाखवले. तो म्हणाला, “मले यातलं काई समजलं नाई, पण तुमी समजावून लय चांगलं सांगता.” ते लग्न झालं.

चेहरा दुरुस्त करून घेणं म्हणजे शहरी थेर, असं अजून काही जण म्हणतात. त्यांना मी कावसजीची गोष्ट सांगतो. इंग्रजी फौजेबरोबर असलेला हा बैलगाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढं पुण्याजवळ एका कुंभारानं मेणाचं नाक करून कपाळावर सपाट पसरलं, त्या मापाची कातडी सोडवून खाली वळवली आणि नवं नाक उभं केलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं १७९४ च्या ऑक्टोबरात ही हकिकत चित्रासह छापली आणि युरोपातले शल्यवैद्य ती वाचून कामाला लागले. गाडीवानाला आपलं तोंड परत हवं होतं आणि कुंभारानं ते दिलं.

माझी मुलगी पुण्याला शिकते. तिच्या मोबाइलवर जबड्याची रेघ कशी धारदार हवी याची चित्रं येतात. दिवाळीत आली तेव्हा गालावरून बोट फिरवत आत्याला म्हणाली, “आत्या, माझी जॉलाइन पण करून घेऊ का?” धाकटीनं तिला समोर बसवलं. “भाकर चावता येते? दातावर दात बसते? रात्री झोप लागते?” तिन्हीला होकार आला. “मंग हाडाले हात लावू नको. हाड कापणं म्हंजे फोटो कापणं नव्हे, माय.” मग तिनं स्वतःचा बधिर ओठ तिच्या बोटानं दाबून दाखवला. पोर गप्प झाली. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या एका मुलाचा खालचा जबडा वरच्याच्या फार पुढं गेलेला आणि त्याला घास तोडता येत नाही असं कळल्यावर, याच धाकटीनं त्याच्या बापाला घरी बोलावून नागपूरचा पत्ता लिहून दिला. “वाढ पुरी होऊ द्या, आठरा-वीसचा झाला की न्या. चेष्टा होते म्हणून नाई, जेवता येत नाई म्हणून न्या. चेष्टा आपोआप बंद होते.”

धाकटी आता अंगणवाडी सेविका आहे. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी गाडी तिच्या अंगणवाडीतही येते. पण गाडी कधीमधी येते, आणि पोरं रोज पडतात. झोक्यावरून, बैलगाडीवरून, आता मोटरसायलवरून. आखाजीच्या आधी आठ दिवस ती आयांना गोळा करते आणि एकच गोष्ट दाखवते. मूल हनुवटीवर पडलं की जखमेला टाके घालाच, पण कानापुढं दुखतं का ते विचारा, डॉक्टरला सांधा पाहायला सांगा, आणि डॉक्टरनं सांगितलं की दुखलं तरी तोंड हलतं ठेवा. मग एखाद्या पोराला पुढं घेते आणि त्याचीच तीन बोटं, अंगठ्याजवळची, उभी करून त्याच्या दातांमध्ये घालायला लावते. पोरं खिदळतात, बोटं चावतात. आया आपापल्या पोरांवर करून बघतात.

“तिन्ही गेली? मंग काळजी नाई,” ती सांगते. “दर महिन्याले पाहत जा. दोनच गेली तं रडत बसू नको, शेकू बी नको. त्याच दिवशी मले सांगजो.”